पिकअपचे ॲव्हरेज आणि मालवाहतुकीचा खरा हिशेब

दिंडोरी तालुक्यातील वणी आणि भोवतालच्या गावांत टोमॅटो, द्राक्ष, कांदा व भाजीपाला ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. माल पिकविल्यानंतर तो कोणत्या बाजारात न्यावा, हा प्रश्न हंगामात दर खुड्याला उभा राहतो. वणीचा उपबाजार जवळ आहे. पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ तीसेक किलोमीटरवर आहे, तर दिंडोरीमार्गे नाशिक चाळीसेक किलोमीटरवर. त्यापुढे एका बाजूला वाशी आणि दुसऱ्या बाजूला सापुताऱ्यावरून सुरत. या सर्व वाटांनी माल नेण्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी कर्ज काढून स्वतःची पिकअप गाडी घेतली आहे. घरचा माल नेऊन उरलेल्या वेळात शेजाऱ्यांचा मालही भाड्याने नेला जातो.

गाडी घेताना पहिला प्रश्न असतो तो ॲव्हरेजचा. विक्रेता एक आकडा सांगतो. तोच आकडा धरून भाडे ठरते आणि बँकेच्या हप्त्याचे गणितही त्यावरच मांडले जाते. प्रत्यक्षात शिवारातून माल काढणे, घाट चढणे, बाजारात रांगेत उभे राहणे आणि रिकामे परत येणे या सगळ्यांत डिझेल जळते. गाडी रात्रंदिवस पळाली तरी हंगामाअखेर हप्त्यापुरतेही पैसे उरत नाहीत, असा अनुभव येतो तो यामुळेच. म्हणून डिझेल नेमके कोठे खर्च होते आणि आपल्या गाडीचा हिशेब आपण कसा ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

सांगितलेला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

वाहनाच्या इंधनखपाची अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत घेतली जाते. आपल्या राज्यात पुणे येथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था असे काम करते. गाडीची चाके फिरत्या रोलरवर ठेवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त केला जातो आणि त्यावरून इंधनाचा खप काढला जातो. सर्व गाड्यांना एकच कसोटी लागत असल्याने दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो. परंतु त्या रोलरवर घाट नसतो, खड्डे नसतात, पावसाळ्यातला चिखल नसतो आणि लिलावाची रांगही नसते. तेव्हा तो आकडा तुलनेपुरता वापरावा. त्यावर भाडे ठरवू नये.

डिझेल कोठे खर्च होते?

एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. त्यातील जेमतेम ३० टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. बाकीची रेडिएटर, धूर आणि इंजिनातील घर्षण यांत जाते. चाकापर्यंत आलेली ऊर्जा पुढील चार कामांसाठी लागते.

१) टायरचा विरोध : गाडीचे वजन जितके जास्त तितका हा विरोध जास्त. चांगल्या डांबरी रस्त्यापेक्षा कच्च्या शिवार रस्त्यावर तो दुप्पट ते चौपट होतो. टायरमध्ये हवा कमी असली तरीही तो वाढतो.

२) हवेचा विरोध : याचा वजनाशी संबंध नाही. तो गाडीचा वेग आणि समोरची रुंदी-उंची यांवर अवलंबून असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी ८० ने गाडी चालविल्यास हा विरोध अडीच पटीहून अधिक होतो.

३) चढ : गाडी आणि माल मिळून तीन टन वजन १०० मीटर उंच चढवावयाचे असल्यास सपाट रस्त्यापेक्षा पाव लिटरहून थोडे जास्त डिझेल अधिक लागते. उतारावर हे सर्व परत मिळत नाही, कारण त्यातील बराच भाग ब्रेक तापविण्यात जातो.

४) थांबणे आणि पुन्हा निघणे : तीन टन वजनाची गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत नेण्यासाठी सुमारे ३० मिलिलिटर डिझेल लागते. ब्रेक दाबला की ते वाया जाते. गतिरोधक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि गर्दी यांमुळे असे ३५ वेळा घडले की एक लिटर गेले असे समजावे.

याशिवाय गाडी उभी असताना चालू ठेवलेले इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल खाते. त्यात किलोमीटर काहीच वाढत नाही.

आपल्या भागातील रस्ते आणि डिझेलचा खप

शिवार रस्ता : मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर बहुधा दोन-तीन किलोमीटरच असते. परंतु हे अंतर भरल्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कापावे लागते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाक फिरत राहिले तर डिझेल जळते आणि गाडी तेथेच राहते. टोमॅटोचा मुख्य हंगाम पावसाळ्यातच सुरू होत असल्याने मळ्याच्या वाटेवर मुरूम टाकून घेणे फायद्याचे ठरते. ते शक्य नसल्यास माल बैलगाडीने किंवा छोट्या ट्रॅक्टरने पक्क्या रस्त्यापर्यंत आणून तेथे पिकअप भरावी.

वणी-पिंपळगाव आणि वणी-दिंडोरी-नाशिक : हे रस्ते बहुतांशी सपाट किंवा हलक्या चढ-उताराचे आहेत. एकसारख्या वेगाने गेल्यास भरल्या गाडीलाही येथे चांगले ॲव्हरेज मिळते. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडाकडे जाणाऱ्या पदयात्रेकरूंची व वाहनांची गर्दी असते. त्या दिवसांत थांबा-निघा वाढतो. शक्य असेल तर माल पहाटे लवकर काढावा. त्यामुळे डिझेल वाचते आणि पायी चालणाऱ्यांनाही धोका होत नाही.

नांदुरी-गड घाट : गडावर किराणा, भाजीपाला किंवा बांधकामाचे साहित्य नेणाऱ्या गाड्या भरून चढतात आणि रिकाम्या उतरतात. डिझेलच्या दृष्टीने ही सर्वांत महागडी खेप होय. अशा खेपेचे भाडे नुसत्या किलोमीटरवर ठरवू नये. चढाचा वेगळा आकार धरावा.

वाशीचा रस्ता : नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि वाशी जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे माल भरून उतरावयाचे आणि रिकाम्या गाडीने चढावयाचे. ही आपल्या फायद्याची बाब आहे. रिकाम्या गाडीला ही उंची चढण्यासाठी सुमारे एक लिटर डिझेल जादा लागते. तीच गाडी भरून चढविल्यास दीड लिटरहून अधिक लागेल. सुरतेकडे जातानाही सापुताऱ्यापुढे वघईकडे घाट उतरतो, म्हणून तेथेही परतीची रिकामी गाडीच मोठा चढ चढते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यावरील लांब बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणे व कोंडी टळते, त्यामुळे वेळ वाचतो. परंतु बोगदा वळणे टाळतो, उंची टाळत नाही. ६०० मीटरचा चढ कोणत्याही रस्त्याने चढावाच लागतो. शिवाय मोकळा रस्ता पाहून वेग वाढविल्यास घाटात वाचलेले डिझेल हवेच्या विरोधात जाते. पथकराचा खर्चही हिशेबात धरावा.

भरलेली गाडी आणि अर्धी गाडी

'रिकामी गाडी चांगले ॲव्हरेज देते, भरलेली देत नाही' असे आपण म्हणतो. हे खरे असले तरी त्यातून चुकीचा अर्थ काढला जातो. वजन वाढले की डिझेल वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. हवेचा विरोध आणि इंजिनाचे स्वतःचे घर्षण माल असो वा नसो, जवळपास तेवढेच राहते. हे समजण्यासाठी वणी ते पिंपळगाव या खेपेचे एक उदाहरण घेऊ.

येथे अंतर एका बाजूस ३० किलोमीटर, डिझेलचा दर लिटरला ९० रुपये आणि बाजारातील रांगेत १ लिटर खर्च धरला आहे. ॲव्हरेज भरल्या गाडीचे ११, अर्ध्या भरलेल्या गाडीचे १३ आणि रिकाम्या गाडीचे १५ किलोमीटर धरले आहे. हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. शेतकऱ्यांनी त्यांच्या जागी आपल्या गाडीचे आकडे घालावेत.

| तपशील | ६० जाळ्या | ३० जाळ्या |
|---|---|---|
| जाताना डिझेल (लिटर) | २.७३ | २.३१ |
| रांगेत (लिटर) | १.०० | १.०० |
| परत येताना रिकामी (लिटर) | २.०० | २.०० |
| एकूण डिझेल (लिटर) | ५.७३ | ५.३१ |
| पूर्ण खेपेचे ॲव्हरेज (कि.मी. प्रति लिटर) | १०.५ | ११.३ |
| डिझेलचा खर्च (रुपये) | ५१६ | ४७८ |
| एका जाळीमागे खर्च (रुपये) | ८.६० | १५.९० |

या तक्त्यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, भरल्या गाडीने रस्त्यावर ११ चे ॲव्हरेज दिले आणि रिकाम्या गाडीने १५ चे दिले, तरी रांग धरून पूर्ण खेपेला १०.५ चेच पडले. दुसरी, अर्ध्या गाडीचे ॲव्हरेज भरल्या गाडीपेक्षा चांगले दिसते, तरीही एका जाळीमागचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. तिसरी, ३० जाळ्या कमी नेऊन डिझेल वाचले ते अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. म्हणून शेतकऱ्याने नुसते किलोमीटर प्रति लिटर पाहू नये. एका जाळीमागे किंवा एका क्विंटलमागे किती डिझेल लागले, ते पाहावे.

शेजारी शेजारी मळे असलेल्या दोन शेतकऱ्यांनी प्रत्येकी ३० जाळ्या आपापल्या गाडीने नेल्या, तर दोघांचे मिळून १०.६२ लिटर डिझेल जाते. एकाच गाडीत ६० जाळ्या नेल्या तर ५.७३ लिटर पुरते. एका खेपेला सुमारे ४.९ लिटर, म्हणजे ४४० रुपये वाचतात. महिन्यात १२ खुडे धरल्यास ही बचत ५ हजार रुपयांच्या वर जाते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. दोघांनी खुड्याचा दिवस एक ठरविला म्हणजे झाले.

मात्र भरलेली गाडी म्हणजे जादा भरलेली गाडी नव्हे. २० किलोच्या टोमॅटोच्या जाळीचे रिकाम्या क्रेटसह वजन सुमारे २२ किलो होते. त्यामुळे ६० जाळ्यांचे १,३२० किलो होतात. गाडीच्या नोंदणी पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास टायर, पाटे आणि ब्रेक लवकर खराब होतात आणि घाटात गाडी आवरत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अशा एका दंडात हंगामाची सारी बचत जाते.

लांबच्या बाजाराचा मोह

वाशीला किलोमागे दोन रुपये भाव जास्त आहे असे कळले की गाडी तिकडे वळवावीशी वाटते. त्याआधी पुढीलप्रमाणे हिशेब करावा. वणी ते वाशी अंतर सुमारे २२० किलोमीटर धरू. ६० जाळ्या भरून जाताना ११ च्या ॲव्हरेजने २० लिटर, परतीला घाटासह रिकाम्या गाडीला १४ च्या ॲव्हरेजने १५.७ लिटर, शहरातील कोंडी व रांगेसाठी २ लिटर, असे एकूण ३७.७ लिटर डिझेल लागते. ९० रुपये दराने हा खर्च सुमारे ३,३९० रुपये होतो, म्हणजे एका जाळीमागे ५६.५० रुपये. पिंपळगावला हाच खर्च ८.६० रुपये होता. फरक जवळपास ४८ रुपयांचा, म्हणजे किलोमागे २ रुपये ४० पैशांचा आहे.

याचा अर्थ भावात किलोमागे दोन रुपये जास्त मिळाले तर ते डिझेललाही पुरत नाहीत. पथकर, चालकाची मजुरी आणि मालाची घट त्यावर वेगळी. भावातील फरक याहून बराच मोठा असेल, गाडी पूर्ण भरलेली असेल आणि परतीला काही भाडे मिळत असेल, तरच लांबची खेप करावी. येताना खते, पशुखाद्य किंवा किराणा यांचे भाडे मिळाले तर परतीचे बरेचसे डिझेल त्यातून निघते.

आपल्या गाडीचे ॲव्हरेज कसे काढावे?

ही पद्धत सोपी असून तिला खर्च नाही.

१) गाडी सपाट जागी उभी करून टाकी पूर्ण भरावी. पंपाची नळी आपोआप बंद झाली की तेथेच थांबावे. वरून आणखी डिझेल घालू नये.

२) त्या वेळचे किलोमीटर वहीत लिहावेत.

३) नेहमीप्रमाणे गाडी चालवून पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी पुन्हा पूर्ण भरावी.

४) मधल्या काळात झालेल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरने भागावे. उदाहरणार्थ, ४२० किलोमीटर झाले आणि ३५ लिटर डिझेल बसले तर ॲव्हरेज १२ आले.

५) एकाच टाकीवर निष्कर्ष काढू नये. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, जाळ्यांची संख्या, बाजाराचे नाव आणि रांगेतील वेळ असे सहा रकाने आखावेत. दोन महिन्यांत कोणत्या बाजाराला आणि किती मालाला किती डिझेल लागते हे स्पष्ट होते. रस्ता व माल तोच असून ॲव्हरेज अचानक एक-दीड किलोमीटरने उतरले, तर गाडीत बिघाड आहे असे समजून ती ताबडतोब तपासून घ्यावी. अशा प्रकारे ही वही भाडे ठरविण्यास जशी उपयोगी पडते, तशी गाडीची प्रकृती सांगण्यासही पडते.

डिझेल बचतीसाठी सूचना

१) वेग : १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते. पिंपळगावच्या ३० किलोमीटरमध्ये ८० ऐवजी ५० ने गेल्यास पाव तासाहून थोडा कमी वेळ जास्त लागतो. बाजारात त्याहून अधिक वेळ रांगेत जातो.

२) टायरची हवा : आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. हवा पाव हिश्श्याने कमी असल्यास ५ ते १० टक्के डिझेल जादा जाते आणि टायरचे आयुष्य घटते. गाडी भरून नेताना मागील टायरची हवा कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

३) गिअर व क्लच : चढावर इंजिन गुदमरू लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये.

४) उतार : घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. डिझेल वाचते या समजुतीने काही चालक तसे करतात. वास्तविक गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलेटरवरील पाय काढलेला असेल, तर आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय सर्व भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि लागेनासे होतात. नांदुरी घाट किंवा कसारा घाटात भरलेली गाडी अशी उतरविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

५) रांग : एका जागी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबावयाचे असल्यास इंजिन बंद करावे.

६) माल लावणे : जाळ्या शक्यतो केबिनच्या उंचीपेक्षा वर लावू नयेत. ताडपत्री घट्ट बांधावी. फडफडणारी ताडपत्री हवा अडविते. परतीला रिकाम्या जाळ्या केबिनलगत, कमी उंचीवर बांधाव्यात.

७) देखभाल : आपल्या भागात धूळ फार असल्याने एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीही पाहावा. खेपेनंतर चाकाच्या तबकडीजवळ हात नेऊन पाहावा. इतर चाकांपेक्षा एक चाक जास्त तापलेले असल्यास त्याचा ब्रेक धरून राहत आहे असे समजावे.

८) बी.एस.-६ गाड्या : एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना हे मानक लागू झाले. ज्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते, तेथे गाळणीत साठलेली काजळी गाडी मधून मधून आपोआप जाळते व त्यासाठी थोडे डिझेल जादा लागते. सतत दोन-चार किलोमीटरच्या खेपा केल्यास गाळणी तुंबते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने अर्धा तास चालवावी. काजळी जाळण्याचा दिवा लागला असल्यास इंजिन मध्येच बंद करू नये.

भाडे ठरविताना

दुसऱ्याचा माल नेणाऱ्यांनी डिझेलचा खर्च येण्या-जाण्याचा धरावा. जाण्याचाच धरून भाडे घेतल्यास परतीचे डिझेल खिशातून जाते. रांगेतील वेळ, शिवार रस्ता व घाट यांचा आकार आधीच बोलून घ्यावा. त्यावर टायर, ऑइल, विमा, दुरुस्ती, चालकाची मजुरी आणि कर्जाचा हप्ता यांचा वाटा मिळवावा. नुसत्या डिझेलवर भाडे ठरविणारा गाडीमालक दर खेपेला गाडीच झिजवीत असतो.

थोडक्यात, पिकअपचे ॲव्हरेज हा एकच ठराविक आकडा नाही. रस्ता, वेग, चढ, रांग आणि माल यांनुसार तो बदलतो. शेतकरी बंधूंनी कंपनीच्या आकड्यावर विसंबून न राहता येत्या हंगामाच्या पहिल्या खुड्यापासून वही ठेवावी, गाडी मर्यादेत पण पूर्ण भरून न्यावी आणि बाजार निवडताना भावाबरोबर जाळीमागचे डिझेलही मोजावे.